पार्किंगमधील ब्रेकदुरुस्ती: सोसायटी ग्रुपवरील रविवारची चर्चा

(शाहूपुरी, सातारा)

ए-३०२, सकाळी ९:१०
सर्व सभासदांना नमस्कार. माझी गाडी दोन दिवसांपासून पार्किंगमध्ये घोडीवर (चाके काढण्यासाठीच्या लोखंडी आधारावर) उभी आहे, त्याबद्दल क्षमस्व. पुढच्या दोन्ही चाकांचे रबरी ब्रेक होज (चाकाकडे तेल नेणाऱ्या नळ्या) चिरले होते, ते बदलले आणि त्याच वेळी दोन्ही कॅलिपर (तेलाच्या दाबाने चाकाची डिस्क आवळणारे भाग) खाली काढून त्यांचे सील किटही घातले. आत शिरलेली हवा काढण्यासाठी कालपासून सौभाग्यवतींना पेडलवर बसवून जवळजवळ अर्धा लिटर ब्रेक ऑइल काढले, तरी पेडल स्पंजासारखे दबते आणि दोन-तीन वेळा पंपिंग केल्यावरच वर येते. गळती कोठेही नाही. माझे काय चुकत असावे?

सी-१०१, सकाळी ९:३५
पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने तेलावर दाब देणाऱ्या नळकांड्याच्या) आतील सील गेलेले असते. पंपिंग केल्यावर वर येऊन तेथेच थांबत असेल, तर बहुधा पाइपात हवा असते किंवा मागच्या ड्रममधील शू (ड्रमवर आतून घासणारी ब्रेकची पट्टी) आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत न पोहोचता त्या बुडबुड्यातच मुरतो. माझी सारी नोकरी एस.टी.च्या कार्यशाळेत गेली. तेथे हवेवरच ब्रेक लागतात आणि हवा कमी पडली की आम्ही धावपळ करायचो, आणि येथे हवेचा एक थेंबसुद्धा नको, याची अजूनही गंमत वाटते. असो. आपण होज कसे उघडले आणि तेल कसे काढले, ते सविस्तर लिहावे.

ए-३०२, सकाळी ९:५०
काका, लोखंडी पाइपचा नट फ्लेअर नटच्या पान्यानेच उघडला, कारण साध्या पान्याने त्याच्या कडा गोल होतात हे मी एकदा भोगले आहे. दुसऱ्या पान्याने होज धरून ठेवला, त्यामुळे पाइप पिळला गेला नाही. उघड्या तोंडावर लगेच रबरी टोपी बसवली. कॅलिपरवरच्या निपलला (हवा-तेल बाहेर सोडण्याच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवले. सौभाग्यवतींनी पेडल दाबून धरायचे, मी निपल अर्धा फेरा सैल करायचे आणि त्यांनी पाय उचलण्यापूर्वी पुन्हा आवळायचे, असा क्रम ठेवला. वरची टाकी एकदाही रिकामी होऊ दिली नाही.

सी-१०१, सकाळी १०:०५
पद्धत योग्य आहे. काही जण तेल थांबवण्यासाठी होजलाच पकड लावतात, ते आपण केले नाही हे उत्तम, कारण त्यात आतले रबर फाटते आणि पुढे ब्रेक सुटेनासा होतो. एक मात्र पाळावे. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा, म्हणजे ते पार तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात न येणाऱ्या भागावर गंज किंवा मळ साचलेला असतो आणि सील तेथे घासले की नवेच दुखणे उभे राहते.

बी-२०४, सकाळी १०:२०
रसायनशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. दादा, हे तेल नुकत्याच फोडलेल्या डब्यातील आहे ना? डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दोन्ही दर्जे हवेतील ओलावा शोषतात. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धवट उघडा राहिलेला डबा पुढच्या वर्षी वापरायचा आणि कासहून यवतेश्वर घाटाने सतत ब्रेक दाबत उतरायचे, म्हणजे तेल उकळून वाफ होते आणि पेडल आत्तासारखेच मऊ पडते, फक्त तेव्हा गाडी घोडीवर नसते. शिवाय माझी स्कूटर तुमच्या गाडीला खेटून आहे. हे तेल रंग सोलते, शिंतोडा उडाला असल्यास पुसत न बसता भरपूर पाणी ओतावे.

ए-३०२, सकाळी १०:२८
ताई, डबा नवा डॉट ४ चाच आहे. स्कूटर लगेच हलवतो.

सी-१०१, सकाळी १०:४०
मग एक साधा प्रश्न विचारतो, राग मानू नये. दोन्ही कॅलिपर एकाच वेळी खाली काढले होते, तर आता बसवलेल्या स्थितीत निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या?

ए-३०२, सकाळी ११:०२
काका, खाली आहे! दोन्हीकडे खालीच आहे. साफ करताना डावे-उजवे खूण न करता एकाच घमेल्यात ठेवले होते आणि बोल्टची भोके तंतोतंत जुळल्यामुळे शंकासुद्धा आली नाही.

सी-१०१, सकाळी ११:१०
हवा वर जाते आणि निपल खाली, म्हणजे दिवसभर पेडल मारले तरी निव्वळ तेलच बाहेर येणार. कॅलिपरची अदलाबदल करावी. होज जेथे कॅलिपरला पोकळ बोल्टने जोडला आहे, तेथील दोन्ही तांब्याचे वायसर (चकत्या) पुन्हा नवे घालावेत. एकदा दबलेले वायसर दुसऱ्यांदा नीट बसतीलच याचा भरवसा नसतो. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. सर्व बसवल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज कोठे ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना, ते पाहावे. मागचे पाइप उघडलेले नाहीत आणि टाकीही रिकामी झालेली नाही, त्यामुळे केवळ पुढच्या दोन चाकांची हवा काढणे पुरेसे ठरावे. टाकी रिकामी झाली असती आणि हवा एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये शिरली असती, तर काही गाड्यांत स्कॅनर जोडल्याशिवाय ती निघत नाही.

ए-३०२, सायंकाळी ५:४५
दोन्ही बाजूंनी आधी बराच फेस आला, नंतर स्वच्छ तेल. पेडल आता वरच्या वरच घट्ट लागते. इंजिन बंद असताना पेडल दाबून धरले आणि मग इंजिन सुरू केले, तेव्हा ते थोडे खाली जाऊन थांबले.

सी-१०१, सायंकाळी ५:५५
तेवढे खाली जाणे म्हणजे बूस्टर (इंजिन चालू असताना पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करतो आहे. तरी आज कंपाउंडच्या आतच, माणूस चालतो त्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून गाडी पाहावी. उद्या सकाळी टाकीतील पातळी तपासावी आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद दाबून ओल लागते का ते बघावे. घाट त्यानंतर. आणि काढलेले तेल आपण पाण्याच्या बाटलीत भरून जिन्याखाली ठेवले आहे, ती बाटली आत्ताच उचलावी. मुले तेथेच खेळत आहेत.