अंटार्क्टिकाचं उभं कापलेलं मॉडेल करतोय, समुद्रसपाटीखालचा खडक कसा दाखवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांकडून अंटार्क्टिकाचं मॉडेल करून घेतोय, वरून दिसतो तसा नुसता पांढरा खंड नाही, मधोमध कापल्यावर दिसेल तसा, वर बर्फ खाली खडक. रेषा अशी धरलीये: 115 अंश पश्चिम रेखांशावरचा किनारा, बेंटली खंदक (बर्फाखालची खोल दरी), ओहायो रेंज ही डोंगररांग, दक्षिण ध्रुव, मग डोम ए (तिथल्या बर्फाचा सर्वात उंच घुमट) आणि तिथून खाली किनाऱ्यावर आपलं भारती स्टेशन. शेवट भारतीवरच करायचा हा मुलांचा हट्ट, आणि मला तो फार आवडला.

पहिली अडचण स्केलची. अंतर साधारण 4000 किमी, मॉडेल 2 मीटर, म्हणजे 1 सेंमीला 20 किमी. या हिशोबाने डोम एची 4090 मीटरच्या आसपासची उंची जेमतेम 2 मिमी भरते! उभी स्केल 50 पट केली तर 10 सेंमी मिळतात, पण मग भारतीकडून वर जाणारा चढ कड्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो सव्वाबाराशे किमीत 4000 मीटर, म्हणजे किलोमीटरला सरासरी सव्वातीन मीटर. मुलांच्या डोक्यात सुळक्यांचा खंड बसायला नको.

पण जास्त अडलंय ते रंगावर. बेंटली खंदकात खडक समुद्रसपाटीच्या अडीच किमी खाली. ध्रुवावर पृष्ठभाग 2835 मीटर आणि त्यातला बर्फच 2700 च्या आसपास, म्हणजे खडक समुद्रसपाटीच्या किंचित वर. आणि डोम एखाली गाम्बुर्तसेव पर्वत, आल्प्सच्या तोडीचा, अख्खा गाडलेला, 1958 साली सोव्हिएत मोहिमेला सापडला तोवर कुणाला पत्ताच नव्हता. तर समुद्रसपाटीखालचा भाग निळा करायचा का? नेटवर काही नकाशांत पश्चिम अंटार्क्टिका म्हणजे नुसती बेटं दाखवलीत. आणि बर्फाच्या जाडीचे आकडे कुठून घेऊ?

प्रतिसाद १: सर, निळा नको. तिथे बर्फ थेट खडकावर टेकलाय. तळाशी अधूनमधून तळी आहेत पण समुद्र नाही. खडक तपकिरी, वर पांढरा, समुद्रसपाटीची फक्त तुटक रेघ मारा. निळा द्यायचा तो किनाऱ्याला आइस शेल्फ, म्हणजे खंडाला जोडलेले बर्फाचे जाड थर, समुद्रावर तरंगतात त्यांच्याखाली. बेटांचे नकाशे बर्फ काढून टाकल्यावरचे असतात, आणि त्यातही मेख अशी की बर्फाच्या वजनाने खडक दबलाय, बर्फ गेला तर तो हजारो वर्षं हळूहळू वर येत राहील, ढोबळमानाने बर्फाच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ध्रुवाखाली सातशेएक मीटर. हे आजच्या मॉडेलमध्ये घुसडू नका, हवं तर शेजारी वेगळा तक्ता लावा.
आकड्यांसाठी ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचं बेडमॅप 3 घ्या, म्हणजे बर्फाची जाडी आणि खालच्या खडकाची उंची यांचा डेटा, 2025 चं आहे, 500 मीटरची ग्रिड, फुकट. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तुमच्या रेषेवर प्रोफाइल, म्हणजे उंचीचा उभा छेद, काढा.

प्रतिसाद २: स्केलचं सोपं आहे, 50 पटवालं मॉडेल ठेवाच आणि त्याच्या खाली तेवढीच 2 मीटर लांब, खऱ्या स्केलची पट्टी चिकटवा. मुलं आपणहून विचारतील.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार! पट्टी नक्की करतो. पण 2 मिमीत बर्फ आणि खडक दोन्ही दिसायला कार्डशीटचे दोन थर पुरतील का, की दुसरं काही वापरू? आणि क्यूजीआयएसमध्ये ध्रुवावर वळणारी रेषा कशी आखायची, कुणी स्टेप बाय स्टेप सांगेल का?