मदत हवी आहे : आधी डोमेन (वेबसाइटचा पत्ता) घ्यावे की ट्रेडमार्कचा अर्ज करावा?

नमस्कार. सोलापुरातून चादरी व टॉवेल ऑनलाइन विकण्यासाठी आम्ही दोघे भाऊ स्टार्टअप उभारत असून, ‘सोलापुरी चादर’ला भौगोलिक मानांकन (त्या भागातील उत्पादकांचे सामायिक नाव म्हणून नोंद) असल्याने ते शब्द स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून मिळणार नाहीत हे ओळखून एक छोटे, नवे नाव ठरवले आहे. त्याचे डॉट इन मोकळे आहे. डॉट कॉम मात्र एकाने नुसते अडवून ठेवले असून तो जुन्या यंत्रमागाएवढी किंमत सांगतो. ट्रेडमार्कसाठी माल-सेवांचे क्रमांकित वर्ग असतात; त्यांपैकी कापडासाठी वर्ग २४ आणि विक्रीसाठी वर्ग ३५ मध्ये ऑनलाइन अर्ज केल्यास मान्यताप्राप्त स्टार्टअपला प्रत्येकी ४,५०० रुपये शुल्क पडते, ते परवडेल. परंतु अर्ज सर्वांना दिसतो, त्यामुळे डॉट कॉमचा विक्रेता भाव आणखी वाढवेल का? अनुभवी मंडळींनी कृपया क्रम सुचवावा.