उघडता न येणाऱ्या अंकाचे दीड कोटी डॉलर

पानगळ (धागाकर्ता)

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत खासगी व्यवहारात दीड कोटी डॉलरना विकली गेल्याचे जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाले. १९३८ साली हा अंक अमेरिकेत दहा सेंटला मिळत होता आणि सुपरमॅन त्यातच पहिल्यांदा अवतरला. ही विशिष्ट प्रत अभिनेता निकोलस केज याने १९९६ मध्ये दीड लाख डॉलरना घेतली होती. २००० मध्ये ती त्याच्या घरातून चोरीला गेली, २०११ मध्ये कॅलिफोर्नियातच भाड्याने दिल्या जाणाऱ्या एका साठवणखोलीत सापडली आणि त्याच वर्षी सुमारे २१ लाख ६० हजार डॉलरना लिलावात गेली. आता विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे दोन्ही गुलदस्त्यात आहे.

श्रीमंतांनी आपला पैसा कुठे घालावा हा त्यांचा प्रश्न आहे. माझा आक्षेप प्लॅस्टिकच्या डबीवर आहे. २००० सालापासून काम करणारी सीजीसी ही फ्लोरिडातील कंपनी जुने अंक तपासते, त्यांना दहापैकी गुण देते आणि मग तो अंक कडक पारदर्शक डबीत बंद करून टाकते. संग्राहक या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. डबी फोडली की गुणांची हमी संपते, त्यामुळे लाखो डॉलर मोजणारा माणूस ती कधीच फोडत नाही. याच पहिल्या अंकाची ८.५ गुणांची प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना गेली, तर केजच्या प्रतीला ९.० गुण आहेत. चोरीच्या कहाणीचा आणि मधल्या दोन वर्षांचा वाटा वजा केला, तरी अर्ध्या गुणासाठी मोजलेली रक्कम डोळे पांढरे करणारी आहे, आणि तो अर्धा गुण कशाचा, तर पाठीच्या कडेवरील बारीक सुरकुत्यांचा आणि कोपऱ्याच्या टोकदारपणाचा. कथा दोन्ही प्रतींत तीच आहे आणि दोन्ही प्रतींत ती वाचता येत नाही.

सीजीसीच्या पालक कंपनीतील बहुसंख्य हिस्सा २०२१ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक समूहाने घेतला, तेव्हा तिचे मूल्यांकन ५० कोटी डॉलरहून अधिक होते. कॉमिक्सवर प्रेम म्हणून कोणी एवढा पैसा ओतत नाही. माझ्या मते अशा प्रतीला पुस्तक म्हणणे थांबवावे. तो चित्र छापलेला शेअर आहे.

दप्तरखाना

मांडणी नेटकी आहे, पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या आणि आज साधारण शंभर उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या प्रती कोणत्याही संग्राहकाने डबीत घातल्या नव्हत्या. त्या मुलांनी फाडल्या, आयांनी टाकून दिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातील कागदसंकलन मोहिमांत गेल्या. पुढे चाळीस आणि पन्नासच्या दशकांत कॉमिक्समुळे मुले बिघडतात अशी हाकाटी झाली, काही गावांत अंकांच्या होळ्या पेटल्या आणि १९५४ मध्ये तर थेट सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली. जुन्या अंकांची ओव्हरस्ट्रीट ही दरसूची १९७० मध्ये निघाली आणि तेव्हा कुठे सामान्य माणसाला कळले की माळ्यावरच्या खोक्याला काही किंमत आहे. किंमत आली म्हणून कागद वाचला.

दुसरे असे की, हा कागद वर्तमानपत्री, म्हणजे आम्लयुक्त. तो स्वतःच स्वतःला खातो. पिना गंजतात, मधले पान सुटते आणि वीस जणांनी प्रेमाने उघडलेला अंक एकविसाव्यासाठी तुकड्यांत उरतो. ज्याला कथा वाचायची आहे त्याच्यासाठी हुबेहूब पुनर्मुद्रणे अनेकदा निघाली आहेत. डबी येण्यापूर्वी काय चालत असे, हेही आठवावे. कडा कापून सरळ केलेले, मुखपृष्ठ रंगवून दुरुस्त केलेले अंक ‘अस्सल, अस्पर्शित’ म्हणून टपालाने विकले जात. आज तशा दुरुस्त प्रतीच्या डबीवर सीजीसीची जांभळी पट्टी लागते आणि तिचा भाव कोसळतो.

पानगळ

जांभळ्या पट्टीचा मुद्दा मान्य. परंतु २०२३ च्या अखेरीस काय उघड झाले, तेही लिहायला हवे होते. डबी बदलून देण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन कमी प्रतीचे अंक जास्त गुणांच्या पट्टीखाली बाजारात उतरवले गेले होते. सीजीसीला संशयित अंकांची यादी प्रसिद्ध करावी लागली आणि प्रकरण न्यायालयात गेले. घेणारा माणूस अंक उघडून पाहू शकत असता, तर जाणकाराला ते दोन मिनिटांत कळले असते. आपण अंक विकत घेत नाही, त्यावरची पट्टी विकत घेतो, हेच तर मी म्हणत होतो.

तिसरी_घंटा

दोघेही कागदावर भांडत आहात आणि ज्यांनी तो कागद मोलाचा केला त्यांचे नावही अजून या धाग्यात आलेले नाही. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी त्याचे सारे हक्क प्रकाशक कंपनीला १३० डॉलरना दिले. उतारवयात दोघेही हलाखीत होते; चित्रपट येऊ घातला असताना १९७५ मध्ये सीगल यांनी जाहीर ओरड केली, तेव्हा कंपनीने दोघांना वार्षिक निवृत्तिवेतन दिले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापायला सुरुवात केली. या कथेचा कडेलोट असा, की ज्या धनादेशात ते १३० डॉलर होते तो धनादेशच २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना गेला.

पुनर्विक्रीत कलावंताचा वाटा ही कल्पना फ्रान्सने गेल्या शतकात कायद्यात आणली. आपल्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५३अ आहे, आणि दहा हजार रुपयांवरील पुनर्विक्रीत मूळ चित्राच्या किंवा हस्तलिखिताच्या कर्त्याला कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा त्यात सांगितला आहे. पण ‘मूळ’ हा शब्द लक्षात घ्या. छापील प्रत, मग ती जगात एकच उरलेली का असेना, या तरतुदीत बसत नाही. दीड कोटींतला एक सेंटही त्या दोघांच्या वारसांकडे जाणार नाही आणि तसा तो जावा असे म्हणणारा संग्राहक मला अजून भेटायचा आहे.

दप्तरखाना

तिसरी_घंटा, आपला संताप रास्त आहे, परंतु त्याचा पत्ता चुकला आहे. १३० डॉलर देणारा प्रकाशक होता. १९३८ मध्ये दहा सेंट देऊन अंक घेणाऱ्या मुलाने किंवा २०२६ मध्ये घेणाऱ्या अनामिकाने कोणाचे हक्क लुबाडले? प्रत्येक जुन्या पुस्तकाच्या विक्रीवर असा कर बसवला, तर आप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांचा विक्रेताही हिशेबवही घेऊन बसेल.

कसर

माझे नावच असे असल्यामुळे कागद खाण्याच्या विषयात बोलण्याचा मला अधिकार आहे.

आमच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद झाली. वेताळ, म्हणजे ‘फँटम’ हा नायक, आम्हाला त्यातूनच भेटला. वडिलांनी दहा-दहा अंक एकत्र करून गावातल्या बाइंडरकडून शिवून घेतले. बाइंडरने कडा कापल्या, पिना काढल्या, दोऱ्याने टोचले आणि वर मेणकापडाचा पुठ्ठा लावला. सीजीसीच्या हिशेबात यातला प्रत्येक उपचार म्हणजे खूनच. पण कोकणातल्या पावसाळ्यात घरातले जे अंक सुटे होते त्यांना कसर आणि बुरशी लागली आणि बांधलेले आजही माझ्या भाच्याच्या हातात आहेत. हे अंक शोधणाऱ्या एका संग्राहकाला मी ते मोठ्या उत्साहाने दाखवले, तेव्हा त्यांनी कापलेली कड पाहून, ‘अरेरे, ताई,’ एवढेच म्हटले आणि पुठ्ठा मिटला. आत काय आहे ते त्यांनी पाहिलेच नाही. पानगळ यांचे दुःख मला तेव्हा कळले असते, पण त्या वेळी मला नुसताच राग आला होता.

बाजारभाव

मी दोन्ही बाजूंना एक कोरडी सूचना करू इच्छितो. या चर्चेत ‘बाजार’ हा शब्द फार सैल वापरला जात आहे. १९९१ मध्ये मार्व्हल कंपनीच्या ‘एक्स-मेन’ मालिकेच्या नव्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह खपल्या आणि १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या सीलबंद पिशवीत विकला गेला. लोकांनी तो पिशवी न फोडता मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून जपून ठेवला. सगळ्यांनीच जपल्यामुळे तो दुर्मिळ झाला नाही, फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली. तेव्हा ‘किंमत आली म्हणून कागद वाचला’ हे दप्तरखाना यांचे समीकरण उलट्या दिशेने चालत नाही; जपले म्हणून किंमत येत नाही. १९३८ चा अंक महाग आहे, कारण तो कोणीही जपला नव्हता.

शिवाय या शिखरावरील व्यवहारांत गिऱ्हाईक मूठभर असतात, व्यापारीच दलाल असतो, भावाचा जाणकारही तोच असतो आणि बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या तिजोरीतही तसलाच माल असतो. खासगी व्यवहाराचा आकडा तोच जाहीर करतो. मी दीड कोटी हा आकडा खोटा म्हणत नाही, पण त्याला ‘भाव’ म्हणायला किमान दुसरा घेणारा दिसायला हवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’ या वेगळ्या मालिकेच्या पहिल्या अंकाला जाहीर लिलावात मिळालेले ९१ लाख २० हजार डॉलर मला अधिक भरवशाचे वाटतात.

पानगळ

त्या लिलावातील प्रतीची हकीकत बाजारभाव यांनी सांगायला हवी होती. उत्तर कॅलिफोर्नियात तीन भाऊ दिवंगत आईचे घर आवरत होते आणि माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात ती निघाली. आईने आणि तिच्या भावाने लहानपणी हे अंक घेतले होते. ऐंशीहून अधिक वर्षे डबी नाही, पट्टी नाही, दरसूची नाही, आणि तरीही सीजीसीने तिला ९.० गुण दिले. वाचणाऱ्या मुलीने ठेवलेला अंक होता तो.

दप्तरखाना

मुलीने ठेवला, हे खरे. थंड, कोरड्या माळ्याने टिकवला, हेही खरे. तोच खोका कसर यांच्या गावी असता, तर काय उरले असते ते त्यांनाच विचारा. आणि संग्राहक सारे तिजोरीतच कोंडतात असेही नाही. स्टीफन गेप्पी या बड्या व्यापारी-संग्राहकाने २०१८ मध्ये तीन हजारांहून अधिक वस्तू अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकल्या.

कसर

विचारायची गरज नाही, पुठ्ठ्याची चौकट उरली असती. बाकी, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या १९३८ च्या पहिल्या अंकावरील अमेरिकेतील स्वामित्वहक्काची ९५ वर्षे २०३३ च्या अखेरीस संपतात. १ जानेवारी २०३४ पासून तो तिथे कोणालाही छापता येईल. त्या दिवशी मी एक प्रत छापून घेईन, बाइंडरकडे नेईन आणि कडा कापायला सांगेन. धागा तेव्हा वर काढते.