उरलेलं ब्रिस्केट गरम केलं की कोरडं पडतंय, काय करू?

मंदआच
नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय. शनिवारी पहिल्यांदाच अख्खं ब्रिस्केट (जनावराच्या छातीचं मांस) केलं, कच्चं असताना साडेपाच किलोचं होतं, स्मोकरमध्ये, म्हणजे मंद धुरावर शिजवायच्या भट्टीत, जवळपास तेरा तास लागले आणि इतकं सुंदर झालं होतं की सुरी नुसती टेकवली तरी आत जात होती. बरंच उरलं. रात्री लगेच फ्रीजमध्ये टाकलं. रविवारी दुपारी त्यातले चार-पाच तुकडे प्लेटमध्ये घेऊन मायक्रोवेव्हला फुल पॉवरवर तीन मिनिटं लावले आणि सगळी मेहनत वाया गेल्यासारखं वाटलं, कडा चामड्यासारख्या कडक, मधला भाग अजून थंडच आणि चावताना नुसता वातड. एवढे तास जागून केलेली गोष्ट तीन मिनिटात अशी व्हावी याचं फार वाईट वाटलं हो.

आता फ्रीजमध्ये साधारण सव्वा किलोचा एक अख्खा तुकडा आहे (फ्लॅटचा, म्हणजे कमी चरबीच्या चपट्या भागाचा; पॉइंट, म्हणजे जास्त चरबीचा जाड भाग, जवळजवळ संपलाय) आणि दहा-बारा कापलेले स्लाइस आहेत. उद्या म्हणजे मंगळवारी रात्री सहा जण जेवायला आहेत. ओव्हन आहे, मायक्रोवेव्ह आहे, वाफवायचं भांडं आहे, प्रोबवाला (मांसात सुई खुपसून आतलं तापमान दाखवणारा) थर्मामीटर आहे. अख्खा तुकडा आधी कापून गरम करू की तसाच? आणि डब्याच्या तळाशी तपकिरी, थुलथुलीत असं काहीतरी साचलंय, वर पांढरी चरबी धरलीये, ते टाकून देऊ ना?

कोळसाधूर
अहो ते अजिबात टाकू नका!! तुमच्याकडे जे काही आहे त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. तो ब्रिस्केटमधूनच सुटलेला रस आहे, थंड झाल्यावर जिलेटिनमुळे असा जेलीसारखा गोठतो. वरची पांढरी चरबी चमच्याने काढा, अर्धी ठेवा, खालची जेली सगळीच्या सगळी ठेवा.

आता तुकड्याचं. अख्खाच गरम करा, कापू नका. कापलं की प्रत्येक स्लाइसला दोन मोठ्या बाजू उघड्या पडतात आणि पाणी तिथूनच उडतं. मी असं करतो, ओव्हन 135 डिग्रीला तापत ठेवायचा, तुकडा जेमतेम मावेल असा खोल ट्रे घ्यायचा (मोठा ट्रे घेतला तर रस पसरून आटतो आणि तळाला करपतो), चरबीची बाजू वर, जेली आणि ठेवलेली चरबी तुकड्यावर, शिवाय अर्धा कप गरम स्टॉक (हाडं किंवा मांस उकळून काढलेलं पाणी) बाजूने. स्टॉक बिनमिठाचा घ्या बरं का, कारण मसाल्यातलं मीठ आधीच त्या रसात उतरलेलं असतं आणि तो आटला की अजून खारट लागतो. मग फॉइलचे दोन थर, आणि कडा ट्रेच्या काठावर बोटाने दाबत दाबत पूर्ण बंद करायच्या, कुठून वाफ निसटताना दिसली तर परत दाबायचं. सगळी गंमत या कडांमध्ये आहे. आत वाफ कोंडलेली राहिली तर मांसाच्या वरचं पाणी उडायला जागाच राहत नाही.

सव्वा किलोला दीड तासाच्या आसपास लागेल पण जाडीवर असतं, त्यामुळे घड्याळ बघू नका, प्रोब तुकड्याच्या मध्यावर ठेवा आणि 74 डिग्री झालं की बाहेर. फॉइल न उघडता पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. मग कापा, मांसाच्या धाग्यांच्या रेषांना आडवं, पेन्सिलीएवढ्या जाडीचे. कापलेले स्लाइस लगेच ट्रेमधल्या रसात बुडवून वाढा.

आणि तुमचं मायक्रोवेव्हमध्ये का बिघडलं ते सांगतो, कारण एकदा हे कळलं की पद्धत कुठलीही असो, चुकत नाही. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा भाग, सतत काम करणारा स्नायू, त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. ते तेरा तासात हळूहळू विरघळून जिलेटिन झालं, म्हणून तुम्हाला ते मऊ लागलं. मांसाच्या धाग्यांमधलं पाणी तर पहिल्याच शिजवण्यात बरंचसं निघून गेलेलं असतं, नंतर आपल्याला जो ओलावा जाणवतो तो या जिलेटिनचा आणि चरबीचा. फ्रीजमध्ये दोन्ही गोठतात म्हणून तुकडा लाकडासारखा होतो. म्हणजे तुम्हाला आता काही शिजवायचं नाहीये, फक्त गोठलेलं वितळवायचं आहे. जिलेटिन तर 40 डिग्रीच्या आतच सुटतं, चरबीला थोडं जास्त लागतं. फुल पॉवरवर कडांमधलं उरलंसुरलं पाणी पहिल्या मिनिटातच उडून गेलं आणि मध्यापर्यंत उष्णता पोचलीच नाही.

रविवारची_चूल
वरच्यांनी अख्ख्या तुकड्याचं बरोबर सांगितलंय, मी स्लाइसचं सांगते कारण माझ्याकडे कायम स्लाइसच उरतात.

त्यांना ओव्हनमध्ये घालूच नका. जाड बुडाचं पॅन घ्या, त्यात स्टॉक जेमतेम तळ झाकेल एवढा, उकळी येऊ दे मग गॅस एकदम बारीक करा, स्लाइस एकावर एक थोडे चढवून लावा, पत्त्यांसारखे, आणि घट्ट झाकण. चार-पाच मिनिटं. मध्ये एकदा उलटवा, पण चिमट्याने नाही, चपट्या उलथन्याने, नाहीतर धागे सुटून चुरा होतो. झालं की नाही हे बघायला मी एक स्लाइस बोटावर आडवा टाकते. दोन्हीकडून मऊ वाकून खाली लोंबला पाहिजे, पण तुटता कामा नये. ताठ राहिला तर अजून एक मिनिट, आपोआप तुटला तर जास्त झालं आणि मग त्याचे सरळ तुकडे करून रसातच परतून घ्या, तेही चांगलं लागतं.

मायक्रोवेव्हही वाईट नाही हो, वापरायची पद्धत चुकली. पॉवर 30 टक्क्यांच्या वर नको, स्लाइस एका थरात, वर दोन चमचे रस, ओला करून पिळलेला पेपर टॉवेल झाकायचा, एकेक मिनिटाने थांबून जागा बदलायच्या. एकट्यासाठी दोन स्लाइस हवे असतील तर मी हेच करते.

एक मात्र, उद्यासाठीचा तुकडा आज परत परत काढून थोडा थोडा गरम करू नका. लागेल तेवढाच काढा आणि एकदाच गरम करा.

तापमापी
मी थोडं वेगळं मत मांडतो. 74 ला माझा आक्षेप नाही, उरलेलं अन्न गरम करायला अमेरिकेच्या कृषी खात्याने सांगितलेला आकडा तोच आहे आणि पाहुणे असतील, लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर त्याच्या खाली जायचंच नाही. पण 74 झाल्यावरही ओव्हनमध्ये विसरून 90 पर्यंत नेलं तर फ्लॅट नक्की कोरडा पडणार. पॉइंटमध्ये चरबी असते, तो सांभाळून घेतो, फ्लॅट नाही घेत. म्हणून 70 ला अलार्म लावा आणि तिथून लक्ष ठेवा.

पाण्यात गरम करायचं मशीन असेल तर मला तरी त्याच्यासारखं दुसरं काही वाटत नाही. तुकडा जेलीसकट पिशवीत, हवा पूर्ण काढून, 75 डिग्रीच्या पाण्यात, पाच सेंटिमीटर जाडीला दोन-अडीच तास. पाणीच 75 ला आहे म्हटल्यावर त्याच्या वर जायची भीतीच नाही, आणि रस कुठे जाणार, पिशवीतच राहतो. फक्त वरचं काळं कवच मऊ पडतं, ते फॉइलमध्येही पडतंच. कवच हवं असेल तर शेवटी तुकडा उघडा करून ओव्हनच्या ग्रिलखाली दोन-तीन मिनिटं, समोर उभं राहून, त्यापेक्षा जास्त नाही.

आणि कृपा करून स्लो कुकरमध्ये थंड तुकडा टाकून गरम करू नका. मऊ होईल असं वाटतं पण तो तापायला फार वेळ घेतो, तेवढा वेळ मांस 4 ते 60 डिग्रीच्या मध्ये पडून राहतं आणि जंतू वाढायला तेच तापमान लागतं. आधी नीट गरम करून मग वाढेपर्यंत गरम ठेवायला स्लो कुकर वापरला तर चालतो.

मंदआच
सगळ्यांचे मनापासून आभार, आत्ता भांडी आवरून बसले आणि पहिलं इथे आले.

अख्खा तुकडा कोळसाधूर दादांनी सांगितला तसाच केला. 135 वर, एक तास पस्तीस मिनिटं लागली, 70 ला अलार्म वाजला तेव्हापासून खुर्ची घेऊन ओव्हनसमोरच बसले. फॉइल उघडलं तेव्हा ट्रेमध्ये पाऊण कप तरी रस होता, सकाळची ती जेली सगळी वितळून चकाकत होती. कापताना मात्र थोडं अडलं, रेषा कुठल्या दिशेने आहेत ते काळ्या कवचामुळे दिसेना, मग एका टोकाचा छोटा तुकडा काढून बघितलं आणि मग आडवं कापलं. शनिवारच्याइतकं झालं का, तर अगदी तेवढं नाही, पण एकानेही कोरडं म्हटलं नाही आणि दोघांना तर आजच केलंय असं वाटलं. स्लाइस रविवारची_चूल ताईंच्या पद्धतीने पॅनमध्ये, बोटावर टाकून बघितले, छान लोंबले.

आता चार-पाच स्लाइस राहिलेत, गरम न केलेले, आणि अर्धी वाटी रस. फ्रीजर चालेल का? की उद्याच संपवू?

कोळसाधूर
वा, ऐकून फार बरं वाटलं! पुढच्या वेळी कच्चं असतानाच टोकाचा एक कोपरा रेषांच्या आडवा उडवून ठेवा, शिजल्यावर दिशा शोधावी लागत नाही.

आजचा तिसरा दिवस झाला ना, फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच धरायचे, त्यामुळे ठेवायचे असतील तर आज रात्रीच फ्रीजरला टाका. रसाला आधी एक उकळी काढून पूर्ण थंड करा, मग स्लाइस पिशवीत सपाट लावा आणि रस वर ओता, सगळीकडे पोचला पाहिजे. हवा काढा, कारण हवा लागली की चरबीला तो शिळा वास येतो. दोन-तीन महिने चव टिकते. काढाल तेव्हा आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये ठेवा, आणि पिशवीत सुटलेलं पाणी ओतून देऊ नका, सरळ पॅनमध्येच घ्या.