मदत हवी आहे: वसईच्या युवकांची गोव्यातील मिशनस्थळांची तीर्थयात्रा

आमच्या वसईतील धर्मग्रामाचा युवा संघ दिवाळीच्या सुट्टीत चाळीसेक युवक-युवतींची गोव्याची तीर्थयात्रा आखत आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेनाची (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची) गर्दी टाळण्यासाठी तारखा मुद्दाम त्याआधीच्या घेतल्या आहेत. वसई रोडहून मडगावपर्यंत रेल्वे, तेथे मुक्काम आणि पुढे भाड्याची बस, एवढे ठरले आहे. जुने गोवे, तसेच संत जोसेफ वाझ यांच्याशी निगडित बाणावली व सांकवाळ यांविषयीची माहिती आम्ही आमच्या धर्मगुरूंकडून मिळवली आहे, त्यामुळे तिची गरज नाही.

अडचण दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळीची आहे. २५ जुलै १५८३ रोजी तेथे मिशनरी रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय (जेझुइट) सहकारी गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना वाटाघाटीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून ठार केले. या प्रमुखांचेही स्मारक कुंकळ्ळीत आहे. येशूसंघीय हुतात्म्यांसाठी प्रार्थना करून या स्मारकाकडे पाठ फिरवणे मला योग्य वाटत नाही, शिवाय मुले प्रश्न विचारणारच. दौऱ्यांच्या बसवाल्यांकडे चौकशी केली, पण त्यांच्या यादीत हे गावच नाही. गटात काही अल्पवयीन आहेत आणि सर्वांना कोकणी नीट समजत नाही.

दोन्ही बाजू मराठीत, तासाभरात सांगू शकणारे स्थानिक अभ्यासक वा धर्मगुरू मिळवण्यासाठी कुणाकडे विचारावे, आणि त्याच दिवशी राशोलचे सेमिनरी (धर्मगुरूंचे प्रशिक्षण केंद्र) व सांकवाळ घाईगर्दी न करता पाहून होईल का?