परत आलो, कामाला लागलो: पहिल्या वर्षाचे अनुभव

अबू धाबीत चौदा वर्षं नोकरी करून मी येत्या जूनमध्ये नाशिकला परततेय. परत यावं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलाय. आल्यावर कामाचं पहिलं वर्ष कसं गेलं, ते लिहाल का? काय जड गेलं, काय आधी कळायला हवं होतं, सगळंच.

हायडलबर्ग ते पुणे

परदेशातून परतणाऱ्या संशोधकांसाठीची सरकारी रामलिंगस्वामी फेलोशिप घेऊन आलो. ती पाच वर्षांची असते, पुढे कायम नोकरीची हमी नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तिकडे मागवलेलं एन्झाइम दोन दिवसांत हातात पडायचं. इथे पहिलंच पार्सल कागदपत्रांत अडकलं, माल थंड ठेवणारा कोरडा बर्फ उडून गेला, माल वाया. त्या रात्री बायकोला म्हणालो, चुकलंच आपलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लॅबमधल्या मॅडमनी आपल्या फ्रीझरमधली ट्यूब काढून दिली. "वापर. तुझं आलं की दे." तेवढ्यावर माझा पहिला प्रयोग उभा राहिला. आता खरेदी तीन महिने आधी लावतो, आणि माझा फ्रीझरही नव्यांसाठी उघडा असतो. परभणीकडची एक विद्यार्थिनी आहे. तिला प्रथिनं प्रयोगातल्या जेलीसारख्या थरातून कशी सरकतात ते मराठीत सांगतो, तेव्हा ती न बिचकता उलट प्रश्न विचारते. हे सुख मला तिकडे नव्हतं.

न्यू जर्सी ते ठाणे

मी नऊ वर्षांनी आले. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी पेन्शनला तिथल्या कमाईवर मिळणारे 40 क्रेडिट लागतात, वर्षाला फार तर चार मिळतात. माझे 36 झाले होते. भारत-अमेरिकेत त्याबाबत करार नाही, त्यामुळे इथली नोकरी त्यात धरत नाहीत. एक वर्ष थांबायला हवं होतं, अजून हळहळ वाटते. एनआरई खात्याचंही, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या बँक खात्याचं, आल्याबरोबर बँकेत जाऊन बघा, ते तसंच चालू ठेवता येत नाही.

मस्कत ते देवगड

मी ड्राफ्ट्समन. तिथून पैसे पाठवायचो, हापूसची बाग धाकटा भाऊ बघायचा. आल्या आल्या मी मजुरी, खतं, पेट्या, सगळ्यात बोलायला लागलो. मोहरावर तुडतुडे पडले तेव्हा फवारणीवरून जुंपली. तो म्हणाला, "तुका झाडातला काय कळता?" खरंच कळत नव्हतं. दोन महिने बोललो नाही. आईने मध्ये पडून मिटवलं. यंदा फवारणी त्याच्या शब्दावर, हिशोबाची वही माझ्याकडे. पुण्याची गिऱ्हाइकं मी जोडली, पेट्या तो भरतो.