अनुभव धागा : कुत्र्यांच्या अंगावरचे पुरळ

पावसाळा लागला की कुत्र्यांच्या पोटावर, जांघेत आणि पंजांच्या बेचक्यांत लाल चट्टे दिसू लागतात आणि घरात असेल ते मलम लावले जाते. मीही माझ्या कुत्रीला माणसांसाठीचे, स्टेरॉइड असलेले मलम आठवडाभर लावले. लाली उतरली, खाज दबली. मात्र चट्ट्यांची कड गोलाकार पसरत गेली आणि मधले केस झडले. ते गजकर्ण निघाले. पुढे माझ्या मनगटावरही तसेच वलय उठले, तेव्हा दोघींचेही उपचार एकदमच करावे लागले. तुम्ही काय पाहिले, निदान कसे झाले आणि कशाने गुण आला, ते कृपया सविस्तर लिहावे.

*

आमच्या कोकणातल्या घरी वाढलेल्या कुत्र्याच्या कानांच्या कडांवर आणि कोपरांवर खपल्या धरल्या होत्या. पशुवैद्यांनी त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली, तशी त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. ही खरजेची मोठी खूण असल्याचे त्यांनी सांगितले. त्वचा खरवडून घेतलेल्या नमुन्यात किडा सापडला नाही, तरीही त्यांनी उपचार सुरू केले, कारण या खरजेचे किडे पुष्कळदा नमुन्यात येतच नाहीत. शेजाऱ्यांनी गाडीचे जळके ऑइल चोपडण्याचा सल्ला दिला होता. तो कृपया कोणीही पाळू नये; कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते.

*

आमच्याकडे खाज फक्त शेपटीच्या मुळाशी होती. तिथे विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले, तर त्यांभोवती तांबूस डाग उमटले : ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. घरात मांजरही असल्यामुळे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध आम्ही कटाक्षाने टाळले, कारण ते मांजरांना जिवावर बेतू शकते.

*

पाच महिन्यांच्या पिल्लाच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले, परंतु खाज जवळजवळ नव्हती. तपासणीत डेमोडेक्स हा त्वचेतला सूक्ष्म किडा आढळला; खरूज माणसांना लागू शकते, हा मात्र लागत नाही. केस भरून आल्यावर मी औषध थांबवणार होते. पशुवैद्यांनी मात्र महिन्याच्या अंतराने घेतलेले सलग दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत ते चालू ठेवायला लावले. पहिला नमुना स्वच्छ आला आहे, दुसरा पुढच्या आठवड्यात आहे.